साडेपाचच्या आत पाच

“चारच झाले,” कारकून म्हणाला. “साडेपाचच्या आत पाच सदस्य आले नाहीत, तर बैठक रद्द. नियमावलीत तसं लिहिलंय.”

पाच वाजून नऊ मिनिटं झाली होती. नागरिक सल्लागार समितीच्या खोलीत खुर्च्या सात, माणसं चार. अध्यक्ष म्हणजे गणिताचे निवृत्त मास्तर, शिवणक्लासच्या बाई, एक प्लंबर आणि सिस्टर. सिस्टर तीस वर्षं सरकारी दवाखान्यात नर्स होत्या. नोकरी सुटली, नाव काही सुटलं नाही. काम सगळं फुकटचं, वर घरच्यांची बोलणी.

आज मात्र फुकटच्या कामावर बरंच काही अडलं होतं. परिवहन विभाग उद्यापासून चौदा नंबरची बस बंद करणार होता. समितीनं आज लेखी हरकत घेतली, तर फेरतपासणी होणार होती आणि तोवर बस चालू राहणार होती. सिस्टरांची थोरली जाऊ आठवड्यातून तीनदा त्याच बसनं डायलिसिसला जायची. परतताना तिला धड उभंही राहवत नसे. दोन बस बदलून ती जाणार कशी? सिस्टरांना भीती वाटत होती. आणि त्याहून जास्त राग येत होता.

उरलेल्या तिघांपैकी एकाच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, एक भाचीच्या लग्नाला परगावी गेला होता. तिसरे बूटवाले. त्यांचं बुटांचं दुकान तीन मिनिटांवर, आणि चौदा नंबरचा थांबा नेमका त्यांच्या दारात. बस बंद व्हावी म्हणून ते दोन वर्षं हात धुऊन मागे लागले होते.

“त्यांनाच आणा,” मास्तर म्हणाले. “चारास एक, तरी आपण जिंकतो.”

“अहो, पण ते घरबसल्या जिंकतायत की!” प्लंबर म्हणाला. “येतील कशाला?”

“त्यांना कुठं ठाऊक आहे? नियमावली आपण तरी कधी उघडली होती? सांगायचं, तुमच्यामागे हरकत मंजूर होतेय. भांडायला मिळतंय म्हटल्यावर बूटवाले अनवाणी धावत येतील.”

“म्हणजे खोटं बोलायचं,” शिवणक्लासच्या बाई म्हणाल्या.

कारकून घड्याळाकडे बघत राहिला.

“मी जाते,” सिस्टर म्हणाल्या आणि उठल्या.

बूटवाले दुकानाची काच पुसत होते. थांब्यावरची माणसं काचेला टेकून उभी राहायची, त्यामुळे दिवसातून तीनदा हा उद्योग. प्रत्येक वेळी तोंडाचा पट्टा चालूच.

“भाऊ, चला,” सिस्टर धापा टाकत म्हणाल्या. “चौदा नंबरचा विषय निघालाय. तुम्ही नसलात, तर आम्ही चौघं हरकत मंजूर करून टाकू.”

तीस वर्षं रोग्यांना ‘काही दुखणार नाही हं’ म्हणत त्यांनी सुया टोचल्या होत्या, पण असलं खोटं त्या कधी बोलल्या नव्हत्या.

बूटवाल्यांनी त्यांच्याकडे पाहिलं. मग भिंतीवरच्या घड्याळाकडे.

“तुम्ही चौघं?”

“हो.”

“असं का,” ते म्हणाले. फडकं घडी करून ठेवलं. गल्ल्यावरच्या मुलीला म्हणाले, “येतो गं मी.” खाली बसून बुटाच्या नाड्या बांधल्या, एक सोडून पुन्हा बांधली. सिस्टरांचा जीव नुसता खालीवर होत होता. ओढतच न्यावं या माणसाला, असं त्यांना वाटलं.

पाच सव्वीसला बूटवाल्यांनी हजेरीपटावर सही केली.

मग त्यांनी सगळ्यांची बिनपाण्यानं केली. बस अर्धी रिकामी धावते. थांब्यावरची गर्दी पाहून गिऱ्हाईक आत येत नाही. काचेबद्दल तर सांगायची सोयच नाही. सिस्टर उठल्या. जावेचं सगळं सांगितलं, एक शब्द गाळला नाही, आवाजही खाली आणला नाही. बूटवाल्यांनी मध्ये तोंड घातलं नाही.

हात वर झाले. बाजूनं चार, विरोधात एक.

“माझा विरोध लिहा,” बूटवाले कारकुनाला म्हणाले. “कारणांसकट लिहा. आळस नको.”

कारकुनानं लिहिलं. हरकतीवर शिक्का मारला आणि कागद वरच्या मजल्यावर नेऊन दिला. प्लंबरनं टाळीच वाजवली. सिस्टरांना हायसं वाटलं, अगदी रडू येईपर्यंत. पण मनातला काटा काही जाईना. त्या तरातरा निघाल्या आणि बूटवाल्यांना जिन्यात गाठलं.

“भाऊ, मी खोटं बोलले. चौघांत काहीच मंजूर होत नव्हतं. तुम्ही आला नसतात, तर बैठक रद्द झाली असती. बस बंद झाली असती.”

“ठाऊक होतं मला.”

“ठाऊक होतं?” सिस्टर जागच्या जागी थांबल्या. “मग आलात कशाला?”

“पाचाचा नियम मीच भांडून घालून घेतलाय, सिस्टर,” बूटवाले म्हणाले. “माझ्या दारात थांबा आणला ना, त्या दिवशी दोघांनीच बैठक उरकली होती, मी समितीत असूनही मला बोलवायला कुणी आलं नव्हतं.”