रस्ता मला ठाव हाय

शेवटची कुस्ती लागायला आणि चित्र जायला एकच गाठ पडली.

ग्रामपंचायतीच्या खोलीत आकाराम पडद्यासमोर बसला होता. पडद्यावर नुसतं गोल फिरणारं चाक. बाहेर मैदानात हलगी कडाडत होती, म्हणजे कुस्ती रंगात होती. पण ती कोइमतूरला, कोचीला, जिथं जिथं या गावची माणसं सोनं गाळायची दुकानं टाकून बसली होती, तिथं कुठंच पोचत नव्हती. चारशे बारा माणसं आपापल्या मोबाईलवर ते चाक बघत होती. आणि लढत होता त्यांच्या गावचा वीरधवल, सगळ्यांचा इरा, बाहेरून आलेल्या नामी पैलवानाशी.

आकाराम फौजेच्या सिग्नलमधला निवृत्त हवालदार. लेहच्या बर्फात तारा जोडल्यात, इथं काय अवघड, असं म्हणून कुस्त्या मोबाईलवर थेट दाखवायचं हे काम त्यानं आपणहून अंगावर घेतलं होतं. आता सरपंच क्रांतीताई त्याच्या पाठीमागं उभ्या राहून पडद्यावरच्या चाकाकडं बघत होत्या. त्यानंच त्याला जास्त घाम फुटला.

त्यानं पंचायतीच्या यंत्राकडून, म्हणजे इंटरनेटच्या राउटरकडून, बाहेर जाणाऱ्या रस्त्यांची यादी मागवली. एकदा वाचली, चष्मा पुसून पुन्हा वाचली.

"घावलं," तो म्हणाला. "चित्र पंचायतीच्या लायनीनं जातच न्हाई. नानासोच्या डब्याकडं चाललंय."

नानासो म्हणजे गावचा केबलवाला. घरोघरच्या टीव्हीवर कुस्ती दाखवायची म्हणून त्यानं शेवटच्या कुस्तीच्या जरा आधी आपला डबा पंचायतीच्या यंत्राला जोडला होता. तो दारातच उभा होता.

"नानासो, तुजी भायेरची तार चालू हाय का?"

"न्हाई. परवा उसाच्या ट्रॉलीनं तोडली. पन डबा लय भारी चालतोय."

"चालतोय म्हनूनच घोळ झालाय. दर अर्ध्या मिन्टाला सांगतोय, जगात कुटंबी जायाचं आसंल तर माज्याकडनं जावा."

"आन् आपल्या यंत्रानं ते ऐकलं?" क्रांतीताईंनी विचारलं.

"जुनं यंत्र हाय, ताई. त्यात एक वाटाड्या आसतोय, आपला आपनच चालू हुतोय. शेजारचा कोन 'रस्ता मला ठाव हाय' म्हनला की त्यो इस्वास ठेवतोय. फुडं तार हाय का न्हाई, इचारत न्हाई."

"म्हंजे आपल्या गावातलंच हाय की हे यंत्र."

आकारामनं वाटाड्याला बंद केलं आणि पंचायतीच्या लायनीचा रस्ता स्वतःच्या हातानं लिहायला घेतला. एक आकडा चुकला. खोडून पुन्हा लिहिला. तेवढ्यात बाहेरची हलगी थांबली आणि एकच गलका उठला. क्रांतीताई मैदानाकडं पळाल्या.

दारात नानासोचा फोन वाजला. कोइमतूरहून वीरधवलचे वडील भाऊसो होते.

"व्हय, व्हय, इरानंच मारली," नानासो सांगत होता. "चितपट. वाटा पेढे."

"आरं, तू बघितलीस का?" आकारामनं मागं न वळता विचारलं.

"न्हाई. पन दुसरं कोन जिंकनार, गड्या?"

क्रांतीताई परत आल्या त्या दारातच थांबल्या. "इरा पडला," त्या हळूच म्हणाल्या.

आणि त्याच क्षणी चित्र आलं. लख्ख, अजिबात न अडखळता. गुलालानं माखलेला बाहेरचा पैलवान लोकांच्या खांद्यावर बसून मैदानाला फेरी मारत होता. कोपऱ्यात वीरधवल गुडघ्यात मान घालून मातीत बसला होता.

आकारामचा फोन वाजला. त्याचा मुलगा शंभूराज भाऊसोंच्याच दुकानात कामाला होता.

"आबा, चित्र आलं बगा. हितं भाऊसोकाका पेढं वाटत्यात, त्यांच्या डोळ्यांचं पानी ऱ्हाईना झालंय. पन त्या दुसऱ्याला का वो खांद्यावर घेतलंय?"

आकारामनं नानासोकडं बघितलं. नानासो छताकडं बघत होता. फौजेतल्या बावीस वर्षांत आकारामनं एकही खोटा निरोप पुढं दिला नव्हता. फोनमधनं पलीकडचे फटाके ऐकू येत होते.

"पावना हाय, बाळा," तो म्हणाला. "आपल्यात पावन्याला चालत लावून देत न्हाईत."