त्या सालातलं नाणं

स्टीलचं नाणं चुंबकाजवळ नेलं की शेवटचं केसभर अंतर ते स्वतःच उडी मारून कापतं आणि 'टिक' असा बारीक आवाज होतो.

टिक. "चिकटलं," ती म्हणाली.

टिक. "चिकटलं."

खुर्चीतल्या बाबांनी मान हलवली. त्यांची नजर गेल्यापासून, म्हणजे नऊ वर्षं, दुपारचा हाच उद्योग होता. बँकेतून सुट्ट्या नाण्यांची पिशवी आणायची आणि एकेक तपासायचं. बँकेच्या पुढे तिचं फारसं जाणं होत नसे.

टाकसाळीने तांबं-निकेल सोडून स्टील धरलं, त्या साली यंत्रात राहून गेलेल्या मूठभर जुन्या चकत्यांवरही नवा ठसा उमटला होता. दिसायला दोन्ही सारखीच पांढरी. फरक सांगणार तो चुंबक: जुन्या चकतीचं नाणं त्याला चिकटत नाही. बाबांच्या संग्रहात तेवढी एकच जागा रिकामी होती. ती भरली की नाणी संग्रहालयाला द्यायची, बाबांनी आत्याकडे राहायला जायचं आणि तिने प्रयोगशाळेतली नोकरी पुन्हा धरायची, असं ठरलं होतं. प्रयोगशाळेची दोन पत्रं कपाटात पडून होती. उत्तर लिहायला तिला सवड मिळाली नव्हती.

फोन वाजला. दादाचा होता. तिने स्पीकर लावला.

"सापडला का तुमचा परीस?"

"शोधतेय."

"बाबा, अहो, सोडा की पोरीला! एका नाण्यापायी डांबून ठेवलंय तिला. आत्याने तुमची खोली कधीची लावून ठेवलीय."



"तू मध्ये पडू नकोस, दादा. त्यांचा जीव आहे त्यात. मी काय, अडकलेय ती अडकलेय." तिने फोन ठेवला.

टिक. "चिकटलं."

पुढचं नाणं तिने चुंबकाला लावलं आणि तशीच क्षणभर बसली. पंखा तेवढा घरघरत होता.

"चिकटलं," ती म्हणाली. "आलेच हं, पाणी पिऊन."

"बस जरा." बाबांनी चाचपडत तिची मूठ धरली. "डोळे गेलेत माझे. कान शाबूत आहेत."

ती बसली.

"आवाज न करता चिकटलेलं हे पाचवं. दर वेळी वाटायचं, आज सांगशील." त्यांनी तिची बोटं हळूच उघडली. "दादाला परत फोन लाव. म्हणावं, न्यायला ये. मी उद्या आत्याकडे राहायला जातोय."