सोपी भाषा

अर्धांगाच्या झटक्यानं एव्हारिस्तोचं इंग्रजी पार पुसलं गेलं. उरलं ते फक्त लहानपणचं स्पॅनिश. म्हणून शेफिल्डमध्ये जन्म काढलेली त्याची बायको बेरिल सत्तरीत स्पॅनिशच्या क्लासला जाऊ लागली. वर्ष झालं, तरी ‘चहात दूध घालू का’ एवढं विचारताना रोज चुकायची. तो चमचा आपटायचा, ओरडायचा, तिच्याकडून एकेक शब्द घोटून घ्यायचा.

त्या दिवशी लेकीचं, इनेसचं, डोकंच फिरलं. स्वयंपाकघरात येऊन ती आईवर उखडली.

“अगं, किती सोपी भाषा आहे ती! लिहितात तशीच बोलतात. आपल्या इंग्रजीत लिहायचं एक, बोलायचं भलतंच. तरी बाबा इकडे आल्यावर ती सहा महिन्यांत शिकले. आणि तुला साधं दुधाचं विचारता येईना?”

बेरिलनं दार लोटलं आणि तेच वाक्य हळूच, अस्खलित स्पॅनिशमध्ये म्हणून दाखवलं.

इनेस बघतच राहिली. “मग बाबांसमोर काय होतं तुला?”

“बरोबर विचारलं की नुसती मान हलवतो गं,” बेरिल कपात दूध ओतत म्हणाली. “चुकले, तरच बोलतो.”