पोटाखालच्या टाइल्स

अंतराळयान पृथ्वीच्या वातावरणात शिरलं आहे आणि आता सोळा मिनिटं त्याच्याशी बोलणं होणार नाही, असं टीव्हीवरच्या माणसाने सांगितलं. अंतराळ केंद्राच्या कॅन्टीनमधली दीडशे माणसं एकदम गप्प झाली.

दोनच दिवसांपूर्वी ते इथूनच, फ्लोरिडातल्या याच किनाऱ्यावरून उडालं होतं. खिडक्यांच्या काचा थरथरल्या होत्या आणि स्वयंपाकी हातातल्या पळ्यांसकट बाहेर धावले होते. हे यान एकदा उडवून समुद्रात बुडवायचं नव्हतं. विमानासारखं उतरवून पुन्हा उडवायचं होतं. आणि पहिल्याच खेपेला आत दोन माणसं होती.

व्हर्ना स्कॅग्ज मागच्या भिंतीला टेकून उभी होती. पूर्वी ती संत्र्यांच्या वखारीत पेट्या भरायची. गेली दोन वर्षं यानाच्या पोटाला टाइल्स चिकटवत होती. थर्माकोलइतक्या हलक्या त्या काळ्या टाइल्सच आतल्या माणसांना जळण्यापासून वाचवणार होत्या. एक सुटली की शेजारची सुटणार. शेपटीकडच्या काही निघाल्याचं उड्डाणानंतर लगेच टीव्हीवर दिसलं होतं. यान वर असताना पोट मात्र कोणालाच दिसत नव्हतं.

तिच्या शेजारी प्लॅट होता, तपासनीस. प्रत्येक टाइलला रबरी वाटी लावून तो ती ओढून बघायचा. निघाली की पुन्हा बसवायला लावायचा. टाइल्स चिकटवणाऱ्या बायका त्याला पाठीमागे 'उपट्या' म्हणायच्या. व्हर्नाच्या इतक्या टाइल्स त्याने उपटल्या होत्या, की त्याचं तोंड बघायचं तिच्या जिवावर यायचं. पण आज शेजारी तोच होता, आणि तिला आता राहवेना.

"मिस्टर प्लॅट, मी गोंदात थुंकले होते."



तिने कुजबुजत सगळं सांगून टाकलं. त्या दिवशी मुलीला कळा सुरू झाल्याचा फोन आला होता. नऊ टाइल्स उरल्या होत्या. थुंकी मिसळली की गोंद लवकर धरतो, असं कोणीतरी सांगितलं होतं.

"ठाऊक आहे," प्लॅट म्हणाला. "तीन निघाल्या."

मग मला परत का नाही बोलावलंत, असं तिने विचारलं. तू इस्पितळात होतीस, तो म्हणाला. आणि कागदावर लिहिलं असतं तर पुन्हा तुला फाटकातून आत घेतलं नसतं. म्हणून सुट्टीच्या दिवशी येऊन त्याने त्या स्वतःच बसवल्या होत्या.

"तुम्हाला येतात बसवता?"

"आयुष्यात त्या तीनच बसवल्या. आणि ओढून नाही बघितल्या. हातच धजला नाही."

आता व्हर्नाने त्याच्याकडे नीट पाहिलं. त्याच्या मुठीत कागदी पेला चुरगळला होता आणि कॉफी मनगटावरून बाहीत ओघळत होती. त्याला पत्ताच नव्हता. तिने पेला काढून घेतला आणि त्याचा दंड घट्ट धरून ठेवला.

पडद्यावरचं घड्याळ सरकत होतं.

आणि खरखरत एक आवाज आला. अंतराळवीर शांतपणे उंची आणि वेग सांगत होता. कॅन्टीनचं छप्पर उडेल असा गलका झाला. कोणी टेबलावर चढलं, कोणी नॅपकिन उडवले. मग कॅलिफोर्नियाच्या वाळवंटावर एक ठिपका दिसला. सोबतीला उडणारं विमान त्याच्या खाली गेलं, आणि कॅमेऱ्यात यानाचं पोट आलं. काळंभोर. सलग.

"कुठल्या हो? कुठल्या तीन?" व्हर्नाने त्याला गदागदा हलवलं.

प्लॅट टेबलांमधून वाट काढत थेट टीव्हीपाशी गेला आणि त्याने डाव्या चाकाच्या झाकणाशेजारी काचेवर बोट टेकवलं.

"ही. ही. आणि ही."

मागून ओरडा सुरू झाला. डोकं काढ मधून, चाकं टेकतायत, आम्हाला बघू दे. प्लॅट हलला नाही. चाकं वाळवंटात टेकली ती कॅन्टीनमधल्या निम्म्या लोकांना दिसलीच नाहीत.

उरलेल्या निम्म्यांच्या आणि टीव्हीच्या मधे व्हर्ना येऊन उभी राहिली होती.