चढावरचं घर

घराच्या दलालाचा फोन आला तेव्हा नेरिस प्रयोगशाळेच्या मागच्या अंगणात कुडकुडत उभी होती. समोरच्या गिऱ्हाइकाने आणखी एक हजार पाउंड वाढवले होते.

"मग माझे दोन वाढवा," ती म्हणाली, आणि फोन ठेवल्यावर स्वतःच्याच धाडसाचं तिला हसू आलं.

घर होतं वेल्समधल्या स्वान्सीच्या चढावर. खाली दोन खोल्या, वर दोन, आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतून समुद्र. नोकरीला लागून जेमतेम वर्ष झालेल्या मुलीने असं घर बघायला जाणं म्हणजे धिटाईच. पण पहिली रक्कम तिच्याकडे तयार होती, बाकीची बँक देणार होती. विद्यापीठात असताना राहण्याखाण्यासाठी जे विद्यार्थी-कर्ज मिळतं, ते तिने तिन्ही वर्षं घेतलं, आणि राहिली मात्र आईवडिलांकडे, आईच्या हातचं जेवून. कर्जाचा हप्ता आला की सरळ बचत खात्यात.

पहिल्याच वर्षी तिने हा बेत वडिलांना सांगून पाहिला होता. ते, गेथिन, पत्र्याच्या कारखान्यात फोरमन. जन्मात कुणाकडून उसनं घेतलं नव्हतं. कर्जाला बचत म्हणणारी पोर आपल्या पोटी कशी आली, असं ते आठवडाभर बायकोला विचारत होते. शेवटी कटकट नको म्हणून नेरिसने सांगून टाकलं, की पैसे उडाले. मैत्रिणी, कपडे, स्पेनची सहल. हे मात्र त्यांना लगेच पटलं. निदान मजा तरी केलीस, असं म्हणून त्यांनी विषय मिटवला. तेव्हापासून घरात ती उधळी ठरली, आणि ते सोंग तिला आवडायलाही लागलं होतं.

आता घर पक्कं झालं की मगच सांगायचं, असं तिने ठरवलं होतं.

दलाल प्रॉसर समोरच्याचं नाव काही सांगेना. फारच खोदून विचारल्यावर एवढंच म्हणाला, की गृहस्थ वयस्कर आहेत आणि इरेला पेटलेत. नेरिसने काय ते ओळखलं. चढावरची घरं घ्यायची, एकेका खोलीच्या दोन-दोन खोल्या करायच्या आणि विद्यार्थ्यांना भाड्याने द्यायच्या, असले दोघेतिघे गावात होतेच. त्यातल्या कुणाच्या घशात हे घर जाऊ द्यायचं नाही, असं म्हणून तिने पुन्हा बोली वाढवली.

घरी तिचं कशातच लक्ष नव्हतं. नुकतेच निवृत्त झालेल्या वडिलांनी शर्यतीची कबुतरं विकून टाकली होती. जिना चढून खुराड्यापर्यंत जायला आता गुडघे ऐकत नाहीत म्हणाले. एरवी ती हळहळली असती. आई, मेरेरिड, त्या आठवड्यात उगाचच गुणगुणत होती. नेरिसने तेही कानाआड केलं.

शुक्रवारी प्रॉसरचा फोन आला. मागितलेल्या किमतीवर नऊ हजार चढले, तेव्हा कुठे समोरच्या गृहस्थांनी हात टेकले होते. घर तिचं झालं होतं. नऊ हजार म्हणजे जवळजवळ दीड वर्षाचं कर्ज. तरी ती बसथांब्यापर्यंत उड्या मारत गेली.

रविवारी दुपारी आईने कोकराचं मटण भाजलं होतं. नेरिसने केक आणून मधोमध ठेवला आणि मला काहीतरी सांगायचंय म्हणाली.

"आधी मी सांगतो," गेथिन म्हणाले. त्यांची नजर ताटावर होती. मेरेरिडचे डोळे लाल दिसत होते.

"तुझ्याच्याने काही साठायचं नाही, हे आम्हाला कळलंच होतं. म्हणून निवृत्तीचे पैसे आले तेव्हा ठरवलं, पोरीला आपणच घर घेऊन द्यायचं. चढावर एक बघितलंही होतं. स्वयंपाकघरातून समुद्र दिसतो." त्यांनी मोठा सुस्कारा सोडला. "पण कुणीतरी येडं गाठ पडलं बघ. मी एक वाढवला, की ते दोन वाढवायचं."