तिसऱ्या रांगेतली मुलगी

"त्या दिवशी बाबांनी भर दुपारी दुकान बंद केलं आणि मला नाटकाला नेलं," ताईने आरशात बघत पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, आणि तिच्या खांद्यावरची शाल नीट करणारा धाकटीचा हात थांबला.

वाचनालयाच्या वरच्या मजल्यावरची ही खोली एरवी जुन्या मासिकांची. आज तिथे कार्यक्रमात बोलणारे बसले होते. दारावर महिन्याचे कार्यक्रम चिकटवले होते. शनिवारी कवितावाचन, रविवारी दोन एकांकिका, आणि आज 'पाच मिनिटांत एक आठवण'. ताईचा नंबर चौथा होता. दोघी तासभर आधीच येऊन बसल्या होत्या.

"मला?" धाकटी म्हणाली.

"मग कोणाला?"

"अगं ताई, मला नेलं होतं! तिसरी रांग, कोपऱ्यातली खुर्ची. राणीची अंगठी हरवते, ती अख्खा महाल पालथा घालते, आणि मी खुर्चीवर उभी राहून ओरडते, 'अगं, तुझ्या केसांत अडकलीय!' सगळं थिएटर हसलं. राणीने माझ्याकडे बघून मान लववली. विसरलीस?"

धाकटीने ही गोष्ट नवऱ्याला लग्नाआधीच सांगितली होती. मुलांना घास भरवताना सांगितली, पुढे नातवंडांनाही. बाबा घड्याळं दुरुस्त करायचे. त्यांच्या बोटांना येणारा तेलाचा वास तिला अजून आठवायचा, आणि त्या दुपारी तेच बोट धरून आपण चाललो होतो हेही. ती घरातलं शेंडेफळ. फ्रॉक ताईचे उतरलेले, दप्तर ताईचं, चपलासुद्धा ताईच्याच. कोरी करकरीत अशी ही एकच गोष्ट तिच्या वाट्याला आली होती.

ताईने आरशातूनच तिच्याकडे पाहिलं. "तुला कांजिण्या झाल्या होत्या."

"काहीतरीच!"

"भुवईवर बोट लावून बघ."

धाकटीने लावलं नाही. तिथला खड्डा तिला पाठ होता.

"तुला आतल्या खोलीत एकटीला ठेवलं होतं," ताई म्हणाली. "बाबांनी नाटकाला मला नेलं. आम्ही परत आलो तर तू रडून घर डोक्यावर घेतलेलं. मला आत यायची बंदी. मग मी दाराबाहेर फरशीवर बसून तुला सगळं नाटक सांगितलं. राणी मीच, राजा मीच, पहारेकरीही मीच. तरी तुझं भोकाड काही थांबेना. खुर्चीवरून ओरडले होते मी, पण शेवटी म्हटलं, 'आणि मग तू उठलीस आणि ओरडलीस.' तू एकदम गप्प. मग आतून आवाज आला, 'मी? पुढे काय केलं मी?'"

धाकटीचं बोट आता नकळत भुवईवर गेलं.

"पुढे आठ दिवस रोज तेच. 'मी ओरडले ते परत सांग.' सांगून सांगून माझा घसा बसला."

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"तू माझ्यापेक्षा छान सांगायचीस." ताईने शालीचं टोक बोटाला गुंडाळलं. "आज म्हटलं, बहात्तरावं सरत आलं. एकदा आपली आपण सांगून बघावी."

दारातून संयोजकांनी हाक मारली. "आजी, चला, तुमचा नंबर."

ताई उठली, पण जागची हलली नाही. धाकटीकडे बघत राहिली.

"जा," धाकटी म्हणाली. "तुझीच आहे ती." आणि मागच्या दाराने सभागृहात जाऊन शेवटच्या रांगेत बसली.

ताईने सुरुवात झकास केली. बाबांचं दुकान आलं, भर दुपारी बंद झालेलं दार आलं, अंगठी हरवली. राणी महालभर शोधू लागली तशी माणसं खुर्चीत पुढे सरकली. आणि तिथे ताई थांबली. इतकी थांबली, की संयोजकांनी घड्याळाकडे पाहिलं.

"तेवढ्यात," ताई म्हणाली, "माझी धाकटी बहीण खुर्चीवर उभी राहिली. एवढीशी, पाच वर्षांची..."

सभागृह खळखळून हसलं. शेजारची बाई धाकटीकडे वळली. "आत्ता बोलतायत त्या तुमच्याच ताई ना? म्हणजे ती मुलगी तुम्हीच!"

धाकटीच्या तोंडात सवयीने 'हो' आला. बाहेर मात्र पडला नाही.

टाळ्या संपल्यावर ताई येऊन शेजारी बसली.

"हे काय केलंस?" धाकटी कुजबुजली.

"जीभच वळेना गं. इतक्या वेळा तुझं म्हणूनच सांगितलंय, माझं म्हणून कसं सांगायचं ते कळेचना."

नंतरचे दोघे बोलून गेले, ते धाकटीच्या कानावरून गेले. मग संयोजकांनी माइक हातात घेतला. "अजून थोडा वेळ आहे. ऐनवेळी कोणाला काही सांगायचंय?"

धाकटी उठली. तिने आयुष्यात कधी चार माणसांपुढे तोंड उघडलं नव्हतं. ताईने तिची बाही धरली, ती तिने हळूच सोडवली. गुडघे कुरकुरत होते तरी पायऱ्या चढली. माइक उंच होता. संयोजकांनी तो तिच्या तोंडापर्यंत खाली घेतला.

"आत्ता ताईने सांगितलं ते खरं नाही," ती म्हणाली. "मी त्या नाटकाला गेलेच नव्हते. नाटक आमच्या दाराशी आलं होतं."