अंतिम सामन्यातला झेल

गावच्या क्रिकेट क्लबचा इतिहास लिहिणाऱ्या मास्तरांनी वही उघडली, तसे म्हाताऱ्या विकेटकीपरने आपले ग्लोव्हज मांडीवर ओढले. क्लबचा एकुलता एक करंडक त्याच्याच झेलामुळे मिळाला होता. त्या झेलावर बाद झालेले पलीकडच्या गावचे फलंदाज आता त्याचे व्याही होऊन समोर चहा पीत होते. "झेल स्वच्छ होता ना?" मास्तरांनी नेमकं व्याह्यांनाच विचारलं. विकेटकीपरने मांडीवरचे जुने ग्लोव्हज घट्ट धरले. चाळीस वर्षं त्याने ती गोष्ट कुणाला सांगितली नव्हती. व्याह्यांनी कप सावकाश बशीत ठेवला. "स्वच्छ होता. लिहा." मास्तर खुशीत गेले. व्याही मात्र दारात चपला घालताना वळले. "चेंडूचा टप्पा पडला होता, व्याहीबुवा. मी पाहिला होता. पुस्तकात काय छापायचं ते छापू देत. पण हे ग्लोव्हज आपल्या नातीच्या हातात घालाल, तेव्हा तिला खरं तुम्हीच सांगा."